कोठ्यातला ‘तू’

२४ ऑगस्ट

फार उशीर झाला, राग धरू नकोस. संक्रांतीला अर्पितानं तुला माझ्या हातात दिलं आणि आता भादवा लागला, तरी तुझं पहिलं पान कोरंच. अर्पिता माझी नात, माझा मुलगा नयन याची लेक, अमरावतीला तत्त्वज्ञानात एम. ए. करते. ती म्हणाली होती, आबाजी, डायरीत कोणाबद्दल लिहू नका, डायरीशी बोला, तिला तू म्हणा. वहीला तू म्हणायचं म्हणजे मला अवघडल्यासारखं होतं. मी सातवी पास, तेही दुसऱ्या खेपेला. अक्षर वाकडं, शुद्धलेखन देवाच्या भरवशावर.

ती ज्यांचा अभ्यास करते ते एक यहुदी गृहस्थ होते. जर्मनीत शिकवायचे, हिटलरच्या राज्यात जगणं अशक्य झालं तेव्हा जेरुसलेमला गेले. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. छातीपर्यंत पांढरी दाढी, डोळे असे की आपण काही बोललोच नाही तरी ऐकून घेतील. नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी त्यांना बाबा म्हणतो. त्यांचं सगळं म्हणणं ‘तू’ या एका शब्दावर होतं, असं अर्पिता सांगते.

पण मी लिहायला बसलो ते बाबांमुळे नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या हातून एक चूक झाली. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. आमच्या गुरांच्या कोठ्यात आता बैल नाहीत. हिऱ्या मेला, चांद्या त्याच्या मागोमाग गेला, शेत आता बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं आहे आणि तिथे ट्रॅक्टर चालतो. तरी हाताला सवय. वाटीत हळद-लोणी कालवलं, रिकाम्या कोठ्यात गेलो, दोन्ही खुंट्यांना चोळलं आणि म्हणून बसलो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ म्हटल्यावर समजलं, समोर कोणी नाही.

पोळ्याला कोठ्यात घास ठेवला नाही. कोणासाठी ठेवणार? पण आवतन तर दिलं होतं. बोलावून उपाशी ठेवलं. हे दोन दिवस डोक्यातून जात नाही. आणि काल दुपारी मैना कोठ्याकडे तोंड करून बसली आणि बोलू लागली.

२६ ऑगस्ट

मैना माझी बायको. जेठात तिला ताप आला, उतरला, पण ती पहिल्यासारखी परत आली नाही. आमच्याशी बोलत नाही. जेवण समोर ठेवलं तर ताट सरकवते. चहा घेते, केळ्याचा तुकडा घेते, बस. यवतमाळच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. वय झालं, म्हणाले. वय तर माझंही झालं, मी जेवतो.

आणि आता ती दुपारी ओसरीवर बसून रिकाम्या कोठ्याशी बोलते. मी दाराआड उभा राहून ऐकलं.

“आला काय तू? बस. ऊन लय हाय.” मग थांबली. समोरचा बोलत असताना आपण थांबतो तितकंच. मग मान हलवली. “थे नाई आले अजून? बरं. मी हाय बसून.”

माझ्या अंगावर काटा आला. या बाईनं जन्मात कोणा मोठ्या माणसाला तू म्हटलं नाही. दिराला नाही, गड्याला नाही, मला तर नाहीच.

२९ ऑगस्ट

आज अर्पिताचा फोन. तिला कोठ्याचं सांगितलं नाही, ती घाबरेल. बाबांचंच विचारलं. ती म्हणाली, माणूस दोनच प्रकारे बोलतो. एक ‘मी-तू’, समोरच्याला पूर्ण समोर घेऊन. दुसरा ‘मी-ते’, म्हणजे समोरचा एक वस्तू होऊन जातो, वापरायची, मोजायची, बाजूला ठेवायची. ‘ते’शिवाय जगता येत नाही, पण नुसत्या ‘ते’वर जगणारा माणूसच उरत नाही.

मला धस्स झालं. मी म्हटलं, “अवं, तुही आजी लग्नापासून मले थे म्हनते. थे आले, थे जेवले, थे वावरात गेले. म्हंजे मी सगळे वर्स वस्तू होतो काय?”

अर्पिता इतकी हसली की तिच्या होस्टेलवरच्या मैत्रिणी विचारायला आल्या. म्हणाली, आबाजी, ते ‘ते’ वेगळं, हे ‘ते’ वेगळं. आजीचं ‘थे’ मानाचं आहे. बाबांच्या भाषेत असा घोळ नाही, तो आपल्याच भाषेत आहे.

असेल. पण मानाच्या माणसाला आणि वस्तूला एकच शब्द कोणी ठेवला? तुला सांगतो, माझी झोप त्या शब्दानं घेतली.

३१ ऑगस्ट

नयन नागपूरहून आला, वजनकाटाच घेऊन आला. मैनाला उभं करून वजन घेतलं आणि बराच वेळ काट्याकडे पाहत राहिला. म्हणाला, पितृपक्ष संपेपर्यंत वाट पाहतो. तोवर पोटात अन्न गेलं नाही तर नागपूरच्या दवाखान्यात नेऊन नाकातून नळी टाकावी लागेल. मी विचारलं, नळी किती दिवस? तो काटा पिशवीत घालू लागला. त्याची आई समोरच बसली होती आणि आम्ही दोघं तिच्याबद्दल बोलत होतो. हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तिला नळी टाकलेली मला पाहवणार नाही. आणि नळी तिच्या अंगात राहिली तर ती घरी परत येणार नाही, हे नयनलाही ठाऊक आहे.

३ सप्टेंबर

अर्पितानं बाबांच्या लहानपणाची गोष्ट मोबाइलवर बोलून पाठवली. ते आजोबांच्या वाडीवर राहायचे. सुट्टीत गुपचूप तबेल्यात जाऊन एका करड्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवायचे. हाताखाली जे जिवंत धडधडायचं ते आपलं नाही, कोणा दुसऱ्याचं आहे, आणि तरी ते आपल्याला जवळ येऊ देतं, असं त्या पोराला वाटायचं. घोडाही मान उचलून ओळख द्यायचा. मग एक दिवस हात फिरवता फिरवता पोराचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं, की किती मजा येते आहे. तिथेच काहीतरी तुटलं. पुढे घोड्याजवळ गेला तरी ते पहिलं राहिलं नाही.

ऐकून मी कोठ्यात गेलो. गव्हाण कोरडी, कोळ्यांची जाळी. खुंट्याला हात लावला तर हळद बोटाला लागली. पोळ्याची हळद. लोण्यातली, ओली, आत्ताच चोळल्यासारखी. इतक्या उन्हात तिचे पापुद्रे व्हायला हवे होते. मी हात धोतराला पुसला आणि बाहेर आलो. डाग निघाला नाही.

५ सप्टेंबर

उपास धरला. मैना जेवेपर्यंत अन्न घेणार नाही, असं देवापुढे बोललो आणि तिच्यापुढेही बोललो. चहा आणि केळं, ती घेते तेवढंच. संगीता म्हणजे शेजारची सून, आमचं दोन वेळचं करून देते. ती चिडली. म्हणाली, “एक न जेवनारं होतं, आता दोघं झाले. मी सैपाक कोनासाठी करू, चुलीसाठी?”

मैना कोठ्याकडे पाहत होती. ऐकल्यासारखी मान हलवली आणि पदर तोंडाला लावला.

७ सप्टेंबर

उपासानं काही झालं नाही. उलट मैनानं आता केळंही सोडलं. देव माझा उपास धरत नाही की काय, समजत नाही.

अर्पितानं विचारलं होतं, तुम्ही आणि आजी तरुणपणी काय बोलायचे? काय बोलणार, घरभर वडीलधारी माणसं. नवी सून नवऱ्याशी चारचौघांत बोलत नसे. मैनाला काही सांगायचं असलं की ती बैलाला पाणी दाखवताना त्याच्या कानाशी बोलायची, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. ‘तुह्या मालकाले सांग, मीठ सरलं.’ मी दारव्ह्याच्या बाजारातून मीठ आणायचो. आणलं की बैलाला सांगायचो, ‘आनलं म्हन.’ त्या वेळी सगळ्या घरांत असंच होतं. अर्पिताला गंमत वाटेल म्हणून लिहून ठेवतो, म्हणजे फोनवर विसरणार नाही.

९ सप्टेंबर

बाबांचं आज जे ऐकलं ते लिहून ठेवतो. एकदा एक तरुण त्यांना भेटायला आला. बाबा नीट बोलले, अदबीनं वागले, त्याच्या प्रश्नांना उत्तरं दिली. पण त्यांचं मन त्या दिवशी दुसरीकडे होतं, ध्यानात की कुठेतरी. तरुण गेला. पुढे कळलं, तो मेला. तो गप्पा मारायला आला नव्हता, एक निवाडा करून घ्यायला आला होता. जो प्रश्न त्यानं विचारला नाही, तो बाबांनी ओळखायला हवा होता. तेव्हापासून त्यांनी ध्यानाचं सुख सोडलं आणि समोर येईल त्या माणसालाच धरलं.

अर्पितानं आणखी एक सांगितलं. बाबा तीन वर्षांचे असताना त्यांची आई घर सोडून गेली. कोणी काही सांगेना. एका थोरल्या मुलीनं गच्चीवर उभं राहून सांगून टाकलं, ती आता कधीच येणार नाही. मोठेपणी त्यांनी त्यावरून एक शब्दच बनवला. मी विचारलं, आपल्यात त्याला काय म्हणायचं? ती थोडा विचार करून म्हणाली, चुकामूक.

चुकामूक मला ठाऊक आहे. एसटी स्टँडवर होते ती. पण घरात एकाच ओसरीवर बसून होते, हे ठाऊक नव्हतं.

मैनाचा न विचारलेला प्रश्न कोणता? दुपारी तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि विचारलं, “नयनची माय, तुले मले काही विचाराचं हाय काय?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग संगीताकडे वळून म्हणाली, “हे बुढेबाबा कोन होय वं? कवाचे येऊन बसले. याइले चहा दे.”

संगीता हसली, मग तिचा चेहरा पडला. मैना कोठ्याकडे वळली, आवाज खाली आणला. “थे उपाशीच हाय म्हनतं? दिवसभर वावरात, अन उपाशी? मंग मी कशी जेवू?”

ही हे कोणाबद्दल बोलते? वावरात तर कोणी नाही. पितृपक्ष लागला आहे. मला वाटतं माझा बाप असेल, तो शेतातच वारला. उद्या कावळ्याला घास ठेवतो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दारव्ह्याला गेलो, मैनाच्या गोळ्या आणायला. जीपमधून उतरलो तर डोळ्यांपुढे अंधारी. बशीर स्टँडमागे वेल्डिंगचं दुकान चालवतो, माझा जुना दोस्त. त्यानं मला आणून बाकावर बसवलं. उपासाचं ऐकलं आणि इतका रागावला की नमाजाला जाताना शटर अर्धं खाली ओढून गेला, मी पळून जाऊ नये म्हणून. परत आला तो घरून त्याच्या बायकोनं, जैनबबीनं दिलेला डबा घेऊन.

“किसनभाऊ, भाभी तुमच्या उपाशी राहन्यानं जेवनार हाय का? तुम्ही गेले तर त्याइच्या मागं कोन? खुदाशी सौदा नोका करू. खा.”

मसुराची डाळ, भाकरी, कांदा. मी खाल्लं. लाज वाटली, पण खाल्लं. चूळ भरली. ठरवलं की घरी सांगायचं नाही, तुलाही सांगायचं नाही. बशीरलाही शपथ घातली.

घरी आलो तेव्हा मैना ओसरीवर होती. मी चप्पल काढतो आहे तोवर ती कोठ्याकडे कान देऊन होती. मग तिचा सगळा चेहरा सैल झाला. ताप आल्यापासून तसा पाहिला नव्हता.

“जेवले म्हनते थे,” ती संगीताला म्हणाली. “दारव्ह्याले, बशीरभाऊच्या दुकानात. मसुराची दाळ होती म्हनते. आता मले वाढ.”

संगीताच्या हातातून पाण्याचा गडू सुटला. मैना पाटावर बसली, भाकरी मोडली आणि जेवली. सावकाश, घास चावून, ताट पुसून.

संगीता मागच्या दारी जाऊन रडली. मग माझ्यावर धावून आली. म्हणाली, “आबा, बाई तुमच्या जेवनाची वाट पाहून राह्यल्या होत्या. घरातला माणूस जेवल्याबिगर बाई बसते काय? अन तुम्ही वर उपास धरला.”

इतकी साधी गोष्ट. माझ्या घरातली, रोजची. बाबा म्हणाले तो प्रश्न हाच होता, ‘थे जेवले काय?’ मी समोर बसून जेवत होतो तेव्हा मी तिला बुढाबाबा होतो. ती ज्याची वाट पाहत होती तो काळ्या केसांचा, वावरातून यायचा होता, आणि तो जेवल्याचा निरोप तिला हवा होता.

हे समजलं. पण तिला सांगितलं कोणी? बशीरला फोन केला. त्यानं कुणालाही सांगितलं नाही, कुराणाची शपथ घेतो म्हणाला. संगीताला ठाऊक असतं तर गडू सुटला नसता.

१५ सप्टेंबर

मी वेळेवर जेवतो, ती जेवते. नयनला फोनवर सांगितलं, त्याला खरं वाटेना, संगीतानं ताटाचा फोटो पाठवला.

अर्पिताला मात्र आता सगळं सांगितलं, आवतनापासून. तिनं ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, आबाजी, आजी तुमच्याशीच बोलते आहे. तेव्हा बैलाकडून बोलायची तशी. कोठ्यातला तू म्हणजे तुम्हीच.

मी म्हटलं, बरं. मग उत्तर कोण देतो?

ती म्हणाली, आजीच्या मनातच असेल. नेटवर्क गेलं, की तिनं फोन ठेवला, समजलं नाही.

१६ सप्टेंबर

पारख करून पाहिली. करायला नको होती.

संगीताकडून डबा बांधून घेतला, वावरात जेवतो म्हणून सांगितलं. बांधावर एक वाटेवरचं कुत्रं होतं, सगळा डबा त्याच्यापुढे ठेवला. बांधाच्या दोन्हीकडे सोयाबीन, आजूबाजूला माणूस नाही. डबा धुऊन, ढेकर देत घरी आलो.

मैना ताटावर बसलेली होती आणि ताट तसंच. “नाई जेवले थे,” ती संगीताला म्हणत होती. “कुत्र्याले देल्ला डबा. लबाडी करून राह्यले.”

मी तिथेच बसून जेवलो. मैनानं कोठ्याकडे पाहिलं, थोडी थांबली, मग घास उचलला.

१९ सप्टेंबर

नयन येऊन गेला. काटा थोडा वर सरकला आहे. नागपूरची गोष्ट तूर्त नाही, असं म्हणाला आणि माझ्या, बापाच्या, पाया पडला. त्याचं समाधान झालं. माझं झालं नाही.

दुपारी मैना येण्याआधी कोठ्यात जाऊन बसलो, गव्हाणीच्या आडोशाला. उत्तर देणारा कोण ते ऐकायचंच ठरवलं. ती आली, ओसरीवर बसली. तुराट्यांच्या कुडाच्या भिंतीतल्या फटीतून तिचा चेहरा दिसत होता. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर पाहत होती, जिथे उभ्या बैलाचे डोळे येतात. किंवा उभ्या माणसाचे.

कोठ्यात आवाज काही नव्हता. वारा नव्हता. फक्त मानेवर ऊब, कोणी नाकानं श्वास सोडावा तशी. मी वळलो नाही. बाबांच्या त्या पोरासारखं माझं लक्ष स्वतःच्या हाताकडे जाऊ नये, एवढंच मनात म्हणत राहिलो.

“थे अंदर बसले हाय काय?” मैना म्हणाली. मग हसली, लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायची तशी, ओठ दाबून. “असू दे. आयकू दे.”

थांबली.

“मंग कवा निघाचं?”

पुष्कळ वेळ थांबली. मान हलवली, एकदा, दोनदा, दिवस मोजावे तशी.

“बरं. त्याइले सांगू काय?”

पुन्हा थांबली. तिनं फटीतून सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी ओळखीचा असल्यासारखं पाहिलं.

“बरं. नाई सांगत.”

आणि उठून चहा मांडायला गेली.

२० सप्टेंबर

आज वहीशी बोलत नाही. आज कोठ्यातल्या तुझ्याशी बोलतो.

तुला तू म्हणावं की तुम्ही, मला ठरवता येत नाही. अर्पिता सांगते, जगातला प्रत्येक ‘तू’ कधी ना कधी ‘ते’ होतो, मग ती बायको असो, लेकरू असो, बैल असो. एकच ‘तू’ असा आहे जो कधी ‘ते’ होत नाही, असं बाबा म्हणायचे. तो तू आहेस का? की माझ्या आवतनाला आलेला दुसरा कोणी? की हिऱ्याच, जुना निरोप पोचवतो आहेस? काहीही असशील, मी तुझ्याशी भांडणार नाही. तुझ्यामुळे ती जेवते.

काल संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसली. तिनं माझा हात हातात घेतला आणि बोटांवरून बोट फिरवलं, नखं पाहिली. मी हात हलवला नाही, चुकून काही तुटू नये म्हणून. तिला ठाऊक होतं की हा हात कोणाचा. मग असं का पाहत होती, जसं निघण्याआधी घर पाहतात?

मी तुला एवढंच विचारतो. निघायचं कोणाला, तिला एकटीला की दोघांना? दोघांना असेल तर माझी ना नाही. तिला एकटीला असेल तर मला आधी सांग. तिच्याकडून नको, ती दिलेला शब्द मोडणार नाही. मला थेट सांग. मी अडाणी आहे, खुणा समजत नाहीत, बैलाच्या कानातून सांगितलेलं मीठसुद्धा मी नेहमी उशिरा आणायचो. मराठीत सांग, वऱ्हाडीत सांग, एका शब्दात सांग.

आता जेवायला बसतो. ती ताट घेऊन थांबली आहे. लवकर कळव.